प्रकाशाचे छंद: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

भिंगं, दगडाचे काप आणि रात्रीचं आकाश हे तीन छंद वरवर वेगळे वाटतात. पण भौतिकशास्त्रात रमलेल्यांच्या घरी ते बहुधा एकाच कपाटात सापडतात. या खेपेच्या पत्रांतही तसंच झालं आहे. बऱ्याच पत्रांचा शेवट "आता कोणतं साधन विकत घेऊ?" असा आहे. निम्म्यांना आमचं उत्तर एकच: तूर्त काही नको, आधी दोन ओळींचं गणित करा.

आमच्याकडच्या काळ्या दगडाचा पातळ काप करून पाहिला. काचपट्टीवर चिकटवून घासत घासत स्क्रू गेजने ०.१ मिलिमीटरपर्यंत आणला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सगळा काळाच दिसतो. काठाशी कुठे कुठे तपकिरी उजेड येतो. काय चुकलं?
– विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, कराड

चुकलं काही नाही, तुम्ही वाटेत थांबलात. दगडाचा काप ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन जाडीचा लागतो. तुमचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, गोठलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या खनिजांचे बारीक अपारदर्शक कण, शिवाय लाव्हा झपाट्याने निवताना गोठलेली काच सगळीकडे विखुरलेली असते. कित्येक स्फटिक तर १०० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. त्यामुळे तुमच्या कापात एकावर एक तीन-चार कण आलेत आणि त्यांतला एक जरी काळा असला तरी उजेड अडतो. ३० मायक्रॉनला बहुतेक ठिकाणी एकच कण उरतो.

शेवटच्या टप्प्यात स्क्रू गेज बाजूला ठेवा. ते काचपट्टी, गोंद आणि दगड यांची एकत्र जाडी सांगतं, आणि गोंदाचा थरच १०-२० मायक्रॉनचा असू शकतो. इथे दगडालाच मोजपट्टी करायचं. दोन ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या गाळण्या) काटकोनात ठेवून त्यांच्यामध्ये काप धरा आणि प्लॅजिओक्लेज फेल्स्पारच्या लांबट पट्ट्यांतली सर्वांत उजळ पट्टी शोधा. हे खनिज प्रकाशाचे दोन किरण करतं आणि त्यांच्या अपवर्तनांकांत जास्तीत जास्त ०.००९ च्या आसपास फरक असतो. त्याला जाडीने गुणलं की दोन किरणांमधला पथफरक मिळतो. जाडी १०० मायक्रॉन असेल तर पथफरक ९०० नॅनोमीटर, रंग झगझगीत पिवळा. ६० ला ५४० नॅनोमीटर, किरमिजी. ४० ला ३६०, फिकट पिवळा. ३० ला २७०, म्हणजे जवळजवळ पांढरा. पट्ट्या करड्या-पांढऱ्या झाल्या की थांबा. तेव्हा शेजारचा ऑजाइट (बेसाल्टमधलं दुसरं खनिज) निळा-हिरवा-पिवळा असा रंगीत दिसेल. मॅग्नेटाइट काळाच राहील. तो कितीही घासलात तरी काळाच.

आता घासण्याबद्दल. खडी क्रशरवरून ताजा, न झिजलेला तुकडा घ्या. फरशी कापणाऱ्याकडून पाण्याखाली चालणाऱ्या डायमंड ब्लेडने त्याची २५ × २० मिलिमीटरची, शक्यतो २ मिलिमीटर जाडीची चकती करून घ्या. जाड चकती हाताने घासत बसणं म्हणजे दोन दिवसांची शिक्षा. ८-१० मिलिमीटर जाडीच्या सपाट काचेवर पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पावडर घ्या आणि इंग्रजी आठच्या आकारात चकती फिरवा: आधी २२० नंबरची, मग ४००, ६००, शेवटी १००० (नंबर मोठा तितकी पावडर बारीक). वॉटर पेपर चालतो, पण त्यावर कडा गोल होतात. नंबर बदलताना काच, दगड आणि नखं धुवा. २२० चा एक कण ६०० मध्ये शिरला की तो पूर्ण कापावर ओरखडा काढतो.

चिकटवण्याआधी दगड ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर वाळवा, नाहीतर छिद्रांतली ओल बुडबुडे होऊन वर येते. काचपट्टीची एक बाजू ६०० पावडरवर घासून दुधी करा. अॅरल्डाइट सावकाश सुकणारंच घ्या. पाच मिनिटांत आवळणाऱ्यात बुडबुडे अडकतात. दोन्ही ट्यूबमधून सारखा भाग घ्या, मिश्रण हलकं कोमट करा, मुगाएवढा थेंब टाका. दगड एका कडेकडून तिरपा टेकवून सरकवत दाबा आणि वजन ठेवून २४ तास हात लावू नका.

दुसरी बाजू घासताना २२० वर ०.१५ मिलिमीटरला थांबा. २२० चे कण साधारण ६० मायक्रॉनचे, म्हणजे तुमच्या अंतिम कापाच्या दुप्पट जाड. त्यावर पुढे गेलात तर खनिजं मुळासकट उपटून निघतात आणि कापात भोकं पडतात. ४०० वर ०.०८ पर्यंत, ६०० वर ०.०४ पर्यंत, उरलेलं १००० वर. काप पाचरीसारखा होणं ही सगळ्यांचीच तक्रार असते: एक कड किरमिजी, दुसरी पांढरी. दर दहा फेऱ्यांनी पट्टी उलट दिशेने धरा आणि बोट जाड कडेवर ठेवा. घासलेला पृष्ठभाग खरबरीत असल्याने उजेड विखुरतो, म्हणून पाहताना ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा.

सगळं काम ओलंच करायचं. कोरडी धूळ फुप्फुसांसाठी वाईट, ग्रॅनाइटची तर फारच. आणि गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल.

थिएटरमधले थ्रीडी चष्मे ध्रुवक म्हणून वापरले. दोन काचा एकमेकींवर कशाही फिरवल्या तरी पूर्ण अंधार होत नाही, फक्त रंगाची छटा बदलते.
– शिक्षक, नांदेड

हे चष्मे बहुधा वर्तुळाकार ध्रुवणाचे आहेत. त्यांत पडद्याकडच्या बाजूला पाव-तरंग पटल (वर्तुळाकार ध्रुवणाचं रेषीय करणारा पातळ थर) असतं आणि डोळ्याकडच्या बाजूला साधा रेषीय ध्रुवक. तुम्हाला हवा तो ध्रुवक आहेच, फक्त चुकीच्या बाजूने वापरला जातोय.

खात्री करायला एलसीडी मॉनिटरवर पांढरं पान उघडा. त्यातून येणारा प्रकाश रेषीय ध्रुवित असतो. चष्म्याची डोळ्याकडची बाजू पडद्याकडे करून फिरवा: एका स्थितीत जवळजवळ काळोख होईल. उलटा धरून फिरवा: उजेड तेवढाच राहील, छटा तेवढी बदलेल. सूक्ष्मदर्शकात दोन्ही तुकड्यांच्या डोळ्याकडच्या बाजू नमुन्याकडे तोंड करून हव्यात. खालचा तुकडा दिव्यावर, डोळ्याकडची बाजू वर. वरचा तुकडा नेत्रिकेखाली, डोळ्याकडची बाजू खाली.

एवढं करूनही पार्श्वभूमी करडी राहिली, तर नमुना प्लॅस्टिकच्या पट्टीवर नाही ना ते पाहा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकमध्ये ताण गोठलेला असतो आणि तो स्वतःच रंग दाखवतो. काही चित्रपटगृहांत ध्रुवणाऐवजी रंगगाळण्यांचे किंवा बॅटरीवर उघडझाप करणारे चष्मे देतात. त्यांचा या कामाला उपयोग नाही.

पुस्तकात क्वार्ट्झ करडा-पांढरा दाखवतात. मी समुद्रावरची वाळू ध्रुवकांमध्ये पाहिली तर पारदर्शक कणांत इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात. मग हे क्वार्ट्झ नव्हे का?
– वाचक, मालवण

क्वार्ट्झच असण्याची शक्यता मोठी. पुस्तकातलं चित्र ३० मायक्रॉनच्या कापाचं आहे, तुमचा कण पाव मिलिमीटरचा आहे. ०.००९ गुणिले २,५०,००० नॅनोमीटर म्हणजे २,२५० नॅनोमीटर पथफरक. कण काठाला पातळ आणि मध्ये जाड असतो, म्हणून काठाकडून आत जाताना रंगांच्या फेऱ्या एकामागून एक येतात. नकाशावरच्या समोच्चरेषांसारखं हे आहे. काठापासून किरमिजी कडी मोजा. कण अनुकूल दिशेने पडला असेल तर दर कड्याला साधारण ६१ मायक्रॉन जाडी वाढते. चार कडी दिसली तर मध्ये जवळपास २४५ मायक्रॉन.

शिंपल्यांचे तुकडे वेगळे ओळखू येतात. त्यांतल्या कार्बोनेटचं द्विअपवर्तन (दोन अपवर्तनांकांतला फरक) क्वार्ट्झच्या जवळपास वीसपट असल्याने रंग एकमेकांत मिसळून मळकट पांढरं दिसतं. शंका असेल तर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील.

वाळू पाण्यात पाहू नका. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५, त्यामुळे काठ जाड काळे दिसतात. लवंगेचं तेल वापरा, त्याचा १.५३ च्या आसपास असतो. साध्या उजेडात क्वार्ट्झचे कण जवळजवळ अदृश्य होतात आणि इल्मेनाइट किंवा रंगीत खनिजं तेवढी उठून दिसतात. ध्रुवक लावले की गायब झालेले कण पुन्हा उजळतात. तेल प्लॅस्टिक खातं, म्हणून पट्टी काचेची घ्या.

मंचर आणि कसारा घाटाकडच्या काही दगडांत बोटभर लांब पांढरट स्फटिक असतात. ते लॅब्रॅडोराइट (निळ्या झळाळीसाठी प्रसिद्ध प्लॅजिओक्लेज) जातीचे आहेत असं वाचलं. मग त्यांत निळी झळाळी का नाही?
– गिरिप्रेमी, नाशिक

रासायनिक घडण त्या जातीची असली तरी झळाळी घडणीतून येत नाही, थरांतून येते. स्फटिकात किंचित वेगळ्या घडणीचे दोन फेल्स्पार एकाआड एक, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीच्या पातळ थरांत वेगळे व्हावे लागतात. त्यासाठी घन अवस्थेत फार सावकाश निवणं हवं. जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याला तेवढी उसंत मिळत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९५० मध्ये ए. जयरामन यांच्याबरोबर या झळाळीवर काम केलं होतं. रामन यांनी जमवलेले खडे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आहेत. तिकडे गेलात तर चुकवू नका. तुमच्या दगडाचा काप मात्र जरूर करा. इतके मोठे प्लॅजिओक्लेज नवशिक्याला सोपे जातात.

डीव्हीडीचा वर्णपटदर्शक केला. रंग दिसतात, पण रेषा नाहीत. सीएफएलसुद्धा नुसती धूसर रंगीत पट्टी दाखवतो.
– निवृत्त अभियंता, ठाणे

दोष जवळजवळ नक्की फटीचा आहे. पुठ्ठ्यात कापलेली फट अर्धा-एक मिलिमीटरची निघते. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये साधा झेरॉक्सचा कागद धरा, पाती चिकटवा आणि कागद ओढून घ्या. फट ०.१ मिलिमीटरची होते. फटीपासून ग्रेटिंग, म्हणजे रंग वेगळे करणारा डीव्हीडीचा तुकडा, २०० मिलिमीटरवर ठेवा.

दुसरा दोष दिशेचा. डीव्हीडीवरचे चर गोल असतात. म्हणून बाहेरच्या कडेजवळचा १०-१५ मिलिमीटरचा तुकडा घ्या, तिथे वळण कमी जाणवतं. आणि त्या जागेच्या चरांना फट समांतर ठेवा. पाच अंश तिरपं झालं तरी रेषा फासतात.

कोरी डीव्हीडी दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्या चिकटवून बनते. कडेला ब्लेड घालून त्या वेगळ्या करा, चमकता थर चिकटपट्टीने उचला, जांभळा रंग स्पिरिटने धुवा. चरांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, त्यामुळे पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा सुमारे ४७.५ अंशांवर सापडेल. सीडीत हे अंतर १.६ मायक्रॉन, तीच रेषा २० अंशांवर. तुमचा डबा सीडीच्या मापाने केला असेल आणि आत डीव्हीडी बसवली असेल, तर डोळा भलत्याच जागी आहे.

सीएफएल फेकू नका, तपासणीला तो उत्तम. ४३६ ला निळी रेषा, ६११ ला युरोपियमची लाल, आणि हिरवी नीट पाहिली तर जोड दिसते: ५४६ ला पारा, तिच्या निळ्या बाजूला टर्बियम. ही जोड सुटी दिसली की उपकरण जमलं. मग दिवसा निळ्या आकाशाकडे रोखा. ५८९, ५१७ आणि ४८६ च्या आसपास काळ्या बारीक रेषा मिळतील. सूर्याकडे कधीही रोखायचं नाही, एका क्षणापुरतंही नाही.

१८-५५ चं भिंग, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा. "५०० चा नियम" वापरून २५ सेकंद उघडा ठेवला, तरी तारे लांबट आले. ट्रायपॉड हलला असेल का? आणि शहराच्या उजेडासाठी फिल्टर घ्यावा का?
– वाचक, पुणे

ट्रायपॉडला दोष देऊ नका. ५०० भागिले १८ म्हणजे २७ सेकंद हे फुल-फ्रेमसाठी. तुमच्या सेन्सरला १.५ ने आणखी भागायचं, म्हणजे १८. पण मूळ नियमच फिल्मच्या काळातला आणि ढिला आहे. आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉन, १८ मिलिमीटर भिंगामागे तो आकाशातल्या ४५ विकला व्यापतो. १८ सेकंदांत तारा २७० विकला, म्हणजे सहा पिक्सेल सरकला. हे लांबट दिसणारच. ८ सेकंद ठेवा.

उजेड कमी पडेल, तो संख्येने भरून काढायचा. एफ ३.५, आयएसओ ३२००, रॉ फाइल, सलग ६४ फोटो. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर हे मोफत प्रोग्राम ते तारे जुळवून एकत्र करतात. गोंगाट (फोटोतले रवाळ ठिपके) ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे आठपट कमी होतो. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगला १६-२० काळे फोटो घ्या. समोरचा डोंगर वेगळ्या फोटोत घेऊन जोडा, कारण तारे जुळवले की जमीन फासते. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून करा, मग रिंगवर चिकटपट्टी लावा. भिंगाचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

वेळ: मेच्या मध्यावर पुण्याहून आकाशगंगेचा गाभा रात्री साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आसपास दक्षिणेला ४२ अंशांवर येतो. मार्चच्या मध्यावर तोच दीड वाजता उगवतो. जूननंतर पावसाचं राज्य.

तुम्ही फिल्टरचंही विचारलंय. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात ५८९ च्या आसपासचा पट्टा शोषणारी काच उपयोगी पडे. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आले आहेत आणि त्यांचा वर्णपट सलग आहे. त्यातून दिवा वगळून तारे राखणारा फिल्टर होत नाही. पेट्रोलवर खर्च करा.

ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा, हाताने चालवायचा बिजागरीचा ट्रॅकर करायचा आहे. मापं द्याल का? दर १५ सेकंदांनी पाव फेरा दिला तर चालेल का?
– सुतारकामाची आवड असलेला वाचक, सातारा

मापं सोपी आहेत. १८ मिलिमीटर प्लायच्या ३०० × १०० च्या दोन फळ्या, एका टोकाला न हलणारी पितळी बिजागरी. एम-६ च्या आट्यांचा दांडा एका फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे जातो. पृथ्वी १४३६ मिनिटांत एक फेरा घेते. मिनिटाला एक फेरा द्यायचा तर बिजागरीच्या खिळ्याच्या मध्यापासून दांड्याच्या मध्यापर्यंत १४३६ भागिले २π, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. दुकानात एम-८ च मिळाला तर त्याची चाल १.२५ आहे, अंतर २८५.७ करा. खालच्या फळीत नट पक्का बसवा. दांडा त्यातून काटकोनात वर येऊन कॅमेरा बसवलेल्या वरच्या फळीला ढकलेल.

पाव फेऱ्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी छापलेला असतो आणि तो वाईट आहे. १५ सेकंदांत तारा २२५ विकला सरकतो. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे पिक्सेल १६ विकलांचा, म्हणजे १४ पिक्सेलची रेघ उमटल्यावर तुम्ही फेरा देणार. दांड्याच्या खालच्या टोकाला मोठी चकती लावा, तिच्यावर घड्याळाचे ६० भाग आखा आणि खऱ्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर ती सतत, हलक्या हाताने फिरवा.

उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला हवी. उजवीकडे बसवली तर फळी आकाशाच्या उलट फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा दुप्पट लांब येतात. बिजागरीला समांतर ६ मिलिमीटरची, २०० लांबीची नळी चिकटवा आणि ध्रुवतारा तिच्या मधोमध आणा. साताऱ्याहून तो जेमतेम साडेसतरा-अठरा अंशांवर दिसतो, म्हणून उत्तरेला डोंगर नसलेली जागा निवडा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. त्याने मिनिटाला १०-११ विकलांपर्यंत घसरण होते, ५० च्या भिंगाला एक पिक्सेलही नाही.

सरळ दांड्यामुळे ट्रॅकर हळूहळू मागे पडतो, कारण उंची कोनाच्या प्रमाणात नव्हे तर त्याच्या टॅन्जंटच्या प्रमाणात वाढते. १० मिनिटांत ही चूक जेमतेम ६ विकला, २० मिनिटांत मात्र ४६. म्हणून दर १० मिनिटांनी फळी मिटवून पुन्हा सुरू करा. फोटो ६० सेकंदांचे घ्या. बटण दाबल्याचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर लावा.

पावसाळ्यात भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं. पुसून जात नाही.
– वाचक, रत्नागिरी

बुरशी आहे, आणि ती आतल्या बाजूला आहे. वरच्या काचेवर असती तर लेन्स क्लीनरने निघाली असती. आत असेल तर भिंग उघडावं लागतं, ते दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. फार दिवस राहिली तर लेपावर कायमचा व्रण पडतो.

पुढे असं होऊ नये म्हणून: रबराची कड असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून तेच पुन्हा वापरा. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिका आणि वस्तुभिंगंही काढून त्याच डब्यात ठेवा, त्यांच्या जागी टोपणं लावा. कातडी केस मात्र डब्याबाहेर राहू द्या. ती ओल धरते.